रोजचा फेरफटका, योगवर्ग की खुर्चीची उठबस: उतारवयात कशाने काय मिळतं

आई वीस वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालत आली आहे. पावसाळ्यात छत्री घेऊन, थंडीत कानटोपी घालून. तरीही मागच्या वर्षी एका डोहाळजेवणात पंगतीतून उठताना तिचे पाय वर येईनात. एक हात भिंतीला, दुसरा माझ्या हातात, आणि दोनदा ती परत पाटावर बसली. तिसऱ्यांदा कशीबशी उठली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "अगं, पण मी तर रोज चालते ना?"

तिच्या या प्रश्नामागे लागल्यावर जे कळलं, ते आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी काय निवडावं या विचारात असलेल्यांसाठी मांडते आहे.

चालण्यापासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे 'व्यायाम करतो' म्हणजे बहुतेक वेळा 'चालतो'. हृदय, साखर, रक्तदाब, झोप, सगळ्यालाच चालणं चांगलं. खर्च बुटांचा तेवढा, शिवाय कट्ट्यावर चार माणसं भेटतात, ही एकट्या राहणाऱ्यांसाठी लहान गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो झपझप चालण्यातून सहज होतो. पण त्याच शिफारशीत पुढे स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस, आणि तोल व ताकद दोन्ही साधणारे व्यायाम किमान ३ दिवस करायला सांगितलं आहे. तिथवर आपण पोचतच नाही.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा फार वाकत नाही. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातून सगळं शरीर वर उचलायची वेळ मांडीच्या स्नायूंवर येतच नाही. ती येते पाटावरून उठताना, भारतीय पद्धतीच्या संडासात, एसटीची पहिली उंच पायरी चढताना. पडण्याचंही तसंच. २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेलं दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र तशी खात्री देता आली नाही. म्हणून माझं मत असं, की चालणं सोडू नये, पण तेवढ्यावर निभावूनही नेऊ नये.

योगासनांचं गणित वर्गावर आणि शिकवणाऱ्यावर ठरतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लोड, भिंत यांचा आधार देत आसनं शिकवण्याची पद्धत रुजवली. वय झालेल्या, आखडलेल्या शरीरांना तिचा फार उपयोग होतो. वृक्षासनाने तोल सुधारतो, उत्कटासन आणि वीरभद्रासनाने मांड्या खरोखर कामाला लागतात. पण अनेक वर्गांत तासातला बराचसा वेळ प्राणायाम आणि शवासनात जातो. मनाला ते चांगलंच आहे, पाय मात्र होते तसेच राहतात. नाव घालण्याआधी एवढंच विचारा: उभं राहून करायची आसनं किती वेळ असतात? हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासनासारखं खोल पुढे वाकणं, काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन टाळायला हवं. हे शिक्षक स्वतःहून विचारत नसतील, तर दुसरा वर्ग शोधावा.

राहिले ताकदीचे व्यायाम. "या वयात वजनं?" ही भीती आमच्याही घरी होती. १९९० मध्ये अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले गेले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. नव्वदीत हे होतं, तर सत्तरीत हात टेकायचं कारण नाही.

आम्ही जिम घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवली, वर दोन उश्या ठेवल्या. पावलं थोडी मागे, हात छातीवर, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि टाचा दाबून उठायचं. बसताना मनात चार अंक मोजत हळूहळू टेकायचं, धपकन नाही. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. याची एक सोपी चाचणीही आहे: ३० सेकंदांत हात न लावता किती वेळा उठता येतं? सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात बायकांचे १० पेक्षा कमी, पुरुषांचे १२ पेक्षा कमी झाले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आईचे ६ झाले. महिन्याने एक उशी काढली, मग दुसरी, मग छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली. चार महिन्यांनी ११ झाले.

गुडघे झिजलेल्यांनी हे टाळावं असं नाही; मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळलं, तर मात्र आकडा कमी करायचा. छातीत दुखणं, चक्कर किंवा नुकतंच ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टर. एकदा पडून झालं असेल तर स्वतःच्या मनाने न करता फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावं. पाण्यातला व्यायाम फार दुखणाऱ्या गुडघ्यांना सुरुवातीला बरा, पण पाणी वजन पेलत असल्याने हाडांना हवा तो भार मिळत नाही.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ नसेल, तर मी आठवड्याचे तीन दिवस उठबस आणि तोलाला देईन, उरलेले चालण्याला. चांगला योगशिक्षक जवळ असेल, तर ते तीन दिवस त्याच्याकडे. आईचं सध्या असंच चालू आहे.

गेल्या आठवड्यापासून जमिनीवरून उठायचा सराव सुरू केलाय, घरात एकटी असताना पडली तर फोनपर्यंत जाता यावं म्हणून. आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, पलंगाची कड धरून एक पाऊल पुढे टेकवायचं आणि त्या मांडीच्या जोरावर वर यायचं. मी शेजारी सतरंजीवर बसून बघते, हात पुढे करत नाही.