थंडीत लावायचं अत्तर: हिना, चंदन की ऊद?

दिवाळी उरकून पंचगंगेकाठी पहाटे धुकं उतरायला लागलं की खस आणि मोगऱ्याच्या कुप्या मागे ठेवाव्यात. गारठ्यात हलके वास अंगावर फुलत नाहीत. मसाल्याचे आणि लाकडाचे जड वास मात्र कपड्यात मुरतात, संध्याकाळपर्यंत टिकतात.

माझा कौल हिनाला. कोल्हापूरकराच्या नाकाला तो ओळखीचा आहे. चटणीसाठी आपण डंकावर जे दगडफूल कुटायला नेतो, तेच उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या हिनाच्या, म्हणजे शमामाच्या, पायाला असतं. त्यावर जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, लवंग, वेलदोडा, जायपत्री चढत जातात. प्रत्येक अत्तरवाल्या घराची यादी वेगळी, आणि ती कुणी सांगत नाही. तांब्याच्या डेगेत मसाला आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात. वाफ नळीतून भपक्यात, म्हणजे ती झेलणाऱ्या दुसऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथं आधीच भरून ठेवलेल्या चंदनतेलात मुरते. पुढच्या खेपेला मसाले नवे, तेल तेच. म्हणून खऱ्या हिनात मसाला आणि लाकूड दोन्ही एकदम मिळतात. मागताना मात्र नीट सांगा: गुलहिना मेंदीच्या फुलांचं असतं, गोडसर, या ऋतूचं नव्हे. आणि गडद रंगाचा हिना पांढऱ्या सदऱ्यावर लावू नका, डाग पडतो.

चंदन मला जिवापाड आवडतं, तरी थंडीसाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. ते शांत, अंगालगत राहणारं. शेजारच्याला त्रास नाही. ऑफिसात रोज लावणाऱ्यांनी, उग्र वासानं डोकं दुखणाऱ्यांनी तेच घ्यावं. तेल झाडाच्या गाभ्यात आणि मुळांत असतं, गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात, म्हणून भाव चढा. मैसूर संस्थानानं १९१६ साली तेलाचा कारखाना काढला, तेव्हापासून तिथल्या चंदनाचा दबदबा आणखी वाढला.

ऊद म्हणजे अगरूचं तेल. आसामातल्या या झाडाला जखम होऊन बुरशी लागली की लाकूड राळेनं काळवंडतं, आणि वास त्या काळ्या भागातच असतो. निरोगी झाडाला तो नाही. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत हेमंतात अंगाला अगरूचा लेप सांगितला आहे आणि ग्रीष्मात चंदनाचा, म्हणजे ऋतूचा मान ऊदचाच. पण तो धुरकट, चामड्यासारखा आणि फार उग्र. लग्नाला, रात्रीच्या कार्यक्रमाला एक टिपका पुरे. पहिलंच अत्तर घेत असाल तर ऊद नको.

तिन्हींत भेसळ चालते. चंदनतेल महागल्यापासून कित्येक अत्तरं पॅराफिनच्या तेलात बनतात. दुकानात कुपी हुंगून ठरवू नका. मनगटावर थेंब लावा, बाजारातली कामं उरका आणि तासाभरानं पुन्हा वास घ्या. तेव्हाही मसाला आणि लाकूड वेगवेगळं जाणवलं, तर परत जाऊन घ्या. सुरुवातीला लहान कुपीच घ्यावी.