रत्नागिरीहून ताडोबा: टूरवाल्यांचा अनुभव (चार स्टार, पाचवा का नाही ते वाचा)

आमची आंब्याची बाग, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये घरातून हलायचं नावच नको. आणि वाघ बघायचा तर सगळे सांगणार कडक उन्हाळ्यातच जा, पाला गळलेला असतो, पाणी आटलेलं असतं, जनावर पाणवठ्यावर येतंच येतं. या दोन्हीचा मेळ काही बसेना म्हणून पाच वर्षं नुसतं जाऊ जाऊ चाललेलं. शेवटी इथल्याच बाजारपेठेत एक छोटा गाळा घेऊन बसणारे टूरवाले आहेत त्यांच्याकडे गेलो. नाव लिहीत नाही कारण एक तक्रार पण आहे.

पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे त्यांनी पॅकेजचा कागद पुढे केलाच नाही. आधी विचारलं बाग कधी मोकळी होते, मुलाची शाळा कधी सुरू, आजींचं वय किती. मग म्हणाले, "वहिनी, जूनचा पहिला आठवडा धरा. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, ३० जूनपर्यंत चालू असतं, मग तीन महिने बंद. मृगाचा पाऊस तिकडे आपल्यापेक्षा उशिरा पोचतो, तोवर ऊन असतं." वाघ दिसणारच का विचारलं तर सरळ सांगितलं की हे मी लिहून देणार नाही, फक्त सफारी दोनच्या जागी चार घ्या. खरं सांगते, तिथेच विश्वास बसला, कारण आधी एकाने फोनवर शंभर टक्के सायटिंग म्हणून सांगितलेलं.

मंगळवारी ताडोबा बंद असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांनी तोच दिवस प्रवासात घातला. सोमवारी ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेस, मंगळवारी सकाळी नागपूर, तिथून गाडीने मोहर्ली (ताडोबाचं एक गेट तिथे आहे) आणि संध्याकाळपर्यंत आराम, एकही दिवस फुकट गेला नाही. शिवाय सासूबाईंचं नाव आधारवर वेगळं आहे (माहेरचं राहिलंय) ते त्यांनी बुकिंगच्या आधीच पकडलं, कारण परमिटवर जे नाव तेच ओळखपत्रावर लागतं आणि गेटवर ओरिजिनल बघतात, झेरॉक्सवर भागत नाही. एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, वर ड्रायव्हर आणि गाईड, तर सासूबाईंना पुढची रांग मिळेल असं बघितलं, मागे हादरे फार बसतात.

आता तक्रार. चारपैकी तिसरी सफारी कोलारा गेटची निघाली आणि आमचं राहणं मोहर्लीला. कोअरच सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे, कोलारा पार चिमूरच्या अंगाला, आणि जंगलातून तर जाता येत नाही, बाहेरून वळसा घालून भर दुपारी त्या उन्हात दोन तास जायचे आणि रात्री तेवढेच परत यायचे. सासूबाई गेल्याच नाहीत, त्यांचे पैसे वाया गेले. मोहर्लीचं बुकिंग फुल झालं म्हणून हे घेतलं असं नंतर कळलं. ठीक आहे, पण हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं ना, आम्ही दिवस बदलला असता नाहीतर एक रात्र कोलाऱ्याला राहिलो असतो! त्यांनी चूक मान्य केली, गाडीचे पैसे घेतले नाहीत, पण म्हातारं माणूस बरोबर असताना अशी गोष्ट लपवणं मला पटलेलं नाही.

ऊन आपल्यासारखं नाही हे पण लक्षात घ्या. आपल्याकडे घाम गळतो, तिकडे घाम दिसतच नाही आणि ओठ मात्र फुटतात. आम्ही कोकमाच्या आगळाची बाटली नेलेली, पाण्यात मीठ साखर घालून दिवसभर तेच प्यायलो. जंगलात मोबाईल न्यायला परवानगी नाही, कॅमेरा असेल तर न्या, नसला तरी चालतं.

शेवटच्या सकाळी गाईड म्हणून गावातलीच एक ताई होती. तिने धुळीत पंजा दाखवला, लांबट आहे म्हणजे मादी, नराचा चौकोनी पडतो. मग सांबराचा कॉल (वाघ जवळ असल्याची ओरड) आला, तिने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि वीसेक मिनिटं कोणी हू की चू केलं नाही. बांबूतून वाघीण आली, पाणवठ्यापाशी वळली आणि चक्क पाठमोरी पाण्यात उतरली, आधी शेपूट मग मागचे पाय, आणि तशीच गळ्यापर्यंत बसून राहिली. ताई हळूच म्हणाली की तोंडावर पाणी उडालेलं त्यांना चालत नाही. माझा मुलगा एरवी गप्प बसत नाही, तो गाडीचा दांडा घट्ट धरून नुसता बघत होता.

परत येताना ताईने तारूची गोष्ट सांगितली. गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला, तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, गोंड लोक त्याला देव मानतात आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच. सासूबाईंनी जिप्सीतूनच त्या दिशेला हात जोडले, म्हणाल्या, "म्हणजे हा इथला राखणदार." आणि पाकिटातून दहाची नोट काढून ताईच्या हातात दिली, तिकडे गेलीस की माझ्या नावाने एक नारळ ठेव म्हणून.