फंक्टूल्स: क्लासचा पसारा आवरणारी पायथनची छोटी पेटी

फंक्टूल्स हे फंक्शनांवर काम करणाऱ्या साधनांचं मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. बहुतेकांना त्यातला कॅशचा डेकोरेटर (फंक्शनची उत्तरं साठवून ठेवणारं वेष्टण) तेवढा माहीत असतो. कोडची रचना सुधारायला ही पेटी कितपत कामी येते, ते इथे पाहू.

सगळ्यात जास्त गुण पार्शलला, म्हणजे फंक्शनची काही आर्ग्युमेंटं आधीच भरून नवं फंक्शन देणाऱ्या साधनाला. बिलिंगच्या कोडमध्ये सूट काढायला हमखास एक बेस क्लास, त्याखाली तीन सबक्लास आणि प्रत्येकात एकच मेथड दिसते. एक मेथड आणि इनिटमध्ये ठेवलेला एक आकडा, म्हणजे ते मुळात फंक्शनच, उगाच क्लासचा अंगरखा घातलेलं. टक्के आणि रक्कम घेणारं एक फंक्शन लिहा, पार्शलने टक्क्यांच्या जागी ५, १०, १५ भरून ठेवा आणि तिन्ही एका डिक्शनरीत टाका. स्ट्रॅटेजी पॅटर्नचं, म्हणजे गरजेप्रमाणे हिशोबाची पद्धत बदलण्याचं, काम झालं.

हेच लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहून केलं की घात होतो. लॅम्डा बाहेरचं व्हेरिएबल बनताना नाही, चालताना वाचतो. तोवर लूप संपून टक्के १५ झालेले असतात, त्यामुळे २०० दिले की तिन्ही फंक्शनं १७० च परत करतात. पार्शल आकडा तिथल्या तिथे धरून ठेवतो. शिवाय मल्टिप्रोसेसिंगमध्ये लॅम्डा पिकल होत नाही, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलता येत नाही. मॉड्यूलच्या पातळीवरच्या फंक्शनवर केलेला पार्शल होतो.

पार्शलची खोड एकच. टक्के हा पहिला पॅरामीटर असताना तो नावाने भरला आणि नंतर रक्कम नुसतीच दिली, तर ती रक्कम टक्क्यांच्याच जागी जाऊन बसते आणि टाइपएरर येतो. म्हणून आधी ठरणारे पॅरामीटर सुरुवातीला ठेवावेत आणि जागेनेच भरावेत.

आर्ग्युमेंटच्या टाइपवरून कुठलं फंक्शन चालवायचं ते ठरवणारा सिंगलडिस्पॅच पायथन ३.४ पासून आहे. टाइप तपासणाऱ्या इझइन्स्टन्सची लांबलचक इफ-एल्सची माळ मोडायची असेल किंवा व्हिजिटर पॅटर्न (प्रत्येक टाइपसाठी एकेक मेथड असलेला वेगळा क्लास) टाळायचा असेल, तर हाच घ्यावा. नवा टाइप आला की नवं फंक्शन रजिस्टर करायचं, जुन्या कोडला हात लावायचा नाही. पण तो फक्त पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप बघतो. आणि बूल हा इंटचा सबक्लास असल्याने फक्त इंट रजिस्टर केलं असेल तर ट्रू-फॉल्ससुद्धा त्याच वाटेने जातात. रिपोर्टमध्ये 'हो'च्या जागी १ छापून आला की पहिला संशय इथेच घ्यावा.

सुरुवातीला म्हटलेला कॅशचा डेकोरेटर, म्हणजे एलआरयू कॅश, नीट समजून न घेता वापरला तर महागात पडतो. मर्यादा न सांगितल्यास तो १२८ उत्तरं साठवतो आणि आर्ग्युमेंटं हॅशेबल (डिक्शनरीची की होऊ शकतील अशी) लागतात, म्हणून लिस्ट दिली की टाइपएरर. तो निदान लगेच दिसतो. छुपी चूक वेगळी: फंक्शनने लिस्ट परत केली आणि बोलावणाऱ्याने तिच्यात एक अपेंड केला, तर कॅशमधलीच लिस्ट बदलते आणि पुढच्याला ती बिघडलेली मिळते. कॅश केलेल्या फंक्शनने टपल किंवा फ्रोझन (फील्ड बदलू न देणारा) डेटाक्लास द्यावा. फ्रोझनच्या आत लिस्ट असेल तर तीही बदलता येतेच, तेव्हा आतही टपलच. मेथडवर हा डेकोरेटर लावला की सेल्फही कॅशमध्ये अडकतो आणि काम संपलेला ऑब्जेक्ट ती नोंद कॅशमधून जाईपर्यंत मेमरीतून हलत नाही. तिथे ३.८ मध्ये आलेली, उत्तर त्या ऑब्जेक्टमध्येच साठवणारी कॅश्ड प्रॉपर्टी बरी, अर्थात मेथडला सेल्फशिवाय काही लागत नसेल तरच.

यादीतली मूल्यं एकेक करत जोडून एकच उत्तर देणाऱ्या रिड्यूसबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पायथन ३ ने त्याला बिल्ट-इनमधून काढून इथे ठेवलं, ते योग्यच झालं. सम, एनी, ऑल यांनी भागत असेल तर तेच वाचायला सोपे. वापरलाच तर सुरुवातीचं मूल्य द्या, नाहीतर रिकाम्या लिस्टवर तो टाइपएरर देऊन मोकळा होतो.

दोन फंक्शनं एकापुढे एक जोडणारं तयार कंपोझ या पेटीत नाही, ही मात्र खरी उणीव. ते तीन ओळींत स्वतः लिहावं लागतं, आणि रिड्यूसचा शोभेल असा उपयोग बहुधा तेवढाच.