डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता आणि ‘इफ’: न्यूज डेस्कवरच्या वापरानंतरचा अनुभव

शिकवणी वर्गांत दहावी-बारावीच्या पोरांना इंग्रजीतल्या डायरेक्ट-इनडायरेक्टचा, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून सांगायच्या नियमांचा, जो एकपानी तक्ता वाटतात, तो मी गेल्या उन्हाळ्यापासून कामाला लावला आहे. नागपुरात एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर बसतो. येतं ते बहुतेक मराठीत: मोर्चांची निवेदनं, आमदारांची भाषणं, बातमीदाराने फोनवर सांगितलेलं. छापायचं असतं इंग्रजीत, आणि तेही ‘अमुक म्हणाले’ या साच्यात. साधी वाक्यं कोणीही फिरवतं. गाडी अडते ती वाक्यात ‘तर’ आला की. म्हणून हा रिव्ह्यू तक्त्याच्या तेवढ्याच भागाचा, इफवाली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून सांगायच्या भागाचा.

मत आधीच सांगतो. तक्ता काळ बरोबर सरकवतो. पण बोलणाऱ्याने शब्द दिला होता की हात वर केले होते, हे मात्र पुसून टाकतो. परीक्षेत त्याने काही बिघडत नाही. बातमीत बिघडतं.

आधी जे चांगलं आहे ते. काटोल-नरखेडकडच्या संत्रा उत्पादकांचं पावसाळ्यातलं ठरलेलं वाक्य घ्या: ‘पाऊस असाच राहिला तर आंबियाची फळगळ वाढेल.’ (आंबिया हा संत्र्याचा एक बहार.) थेट इंग्रजीत ‘इफ द रेन कंटिन्यूज, फ्रूट ड्रॉप विल इन्क्रीज.’ तक्ता सांगतो की ‘सेड’ आलं की दोन्ही क्रियापदं एकेक पाऊल मागे: ‘ग्रोअर्स सेड दॅट इफ द रेन कंटिन्यूड, फ्रूट ड्रॉप वुड इन्क्रीज.’ झालं. आपल्याला हे जड का जातं, तर मराठीत ‘की’च्या पुढे काही हलवायची सवयच नाही. ‘शेतकरी म्हणाले की पाऊस असाच राहिला तर फळगळ वाढेल’, बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं. त्यामुळे डेस्कवर नवीन आलेली मुलं एक तर ‘सेड’नंतर ‘विल’ तसंच ठेवतात, नाही तर घाबरून दोन्हीकडे ‘वुड’ घालतात: ‘इफ द रेन वुड कंटिन्यू.’ इफच्या पोटातला हा वुड आपल्याकडे फार फोफावला आहे. तक्ता समोर असला की तो निम्म्याने तरी कमी होतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही तो भिंतीवर असावा.

‘दॅट’ कुठे ठेवायचं, याबद्दल तक्ता गप्प आहे, आणि ही मोठी उणीव. ‘मंत्री सोमवारी म्हणाले की अहवाल आला तर राजीनामा देईन.’ घाईत ‘द मिनिस्टर सेड इफ द रिपोर्ट केम ऑन मंडे ही वुड रिझाइन’ असं उतरलं, तर सोमवार बोलण्याचा न राहता अहवालाचा होऊन बसतो. ‘सेड ऑन मंडे दॅट इफ द रिपोर्ट केम’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. इतर वाक्यांत दॅट गाळलं तरी चालतं. लगेच पुढे इफ असेल तर गाळू नये, असं माझं मत झालं आहे. उलटा प्रकारही दिसतो. इफचं उपवाक्य लांबलं की लिहिणारा पहिलं दॅट विसरतो आणि मुख्य वाक्याआधी दुसरं घालतो. ते दुसरं निमूटपणे कापायचं.

आता मुख्य तक्रार. पुलाचं काम का रखडलं, असं विचारल्यावर अधिकारी दोन तऱ्हेने बोलू शकतो. एक: ‘इफ वुई गेट द फंड्स, वुई विल स्टार्ट द वर्क.’ पैसा येऊ शकतो, आला की काम सुरू. दुसरी: ‘इफ वुई गॉट द फंड्स, वुई वुड स्टार्ट द वर्क.’ पैसा येण्याची आशा नाही, उगाच विचारू नका. शाळेच्या भाषेत पहिलं टाइप वन, दुसरं टाइप टू. तक्त्यात घाला. पहिल्याचे काळ मागे जातात, दुसऱ्याचे जागचे हलत नाहीत, आणि दोन्हीचं एकच होतं: ‘ही सेड दॅट इफ दे गॉट द फंड्स, दे वुड स्टार्ट द वर्क.’ एक आश्वासन, एक सबब, छापून आल्यावर अक्षराचाही फरक नाही. सकाळी वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. व्याकरणात चूक काढता येत नाही, म्हणून हे कोणी पकडतही नाही.

यावर मी करतो ते असं. पहिल्या तऱ्हेत ‘सेड’ काढून ‘प्रॉमिस्ड टु स्टार्ट द वर्क इफ द फंड्स केम’. दुसऱ्या तऱ्हेत इफच मोडून टाकतो: ‘सेड दे डिड नॉट हॅव द फंड्स टु स्टार्ट द वर्क.’ बोलणाऱ्याने अट घातलीच नव्हती, नकार दिला होता. मग तो नकारासारखाच दिसू द्यावा.

मराठीतून येताना यात आणखी एक गाठ बसते. आपलं ‘असता’ इंग्रजीचे दोन प्रकार एकटंच सांभाळतं. ‘निधी असता तर काम सुरू केलं असतं’ हे आजबद्दलही असू शकतं आणि गेल्या वर्षाबद्दलही. इंग्रजीत आजचं असेल तर ‘वुड स्टार्ट’, हुकलेलं असेल तर ‘वुड हॅव स्टार्टेड’, तिसरी सोय नाही. तक्ता इथे काहीच कामाचा नाही, कारण तो इंग्रजी ते इंग्रजी आहे. बातमीदाराला फोन लावावा लागतो.

‘साहेब आत्ताचं बोलून राहिले होते का मागचं?’

‘मागचंच ना भाऊ. टेंडर लॅप्स झालं, मंग काय.’

लगेच टाइप थ्री: ‘ही सेड दॅट इफ द फंड्स हॅड कम, दे वुड हॅव स्टार्टेड द वर्क.’ यात तक्त्याला करण्यासारखं काही उरत नाही; पास्ट परफेक्टच्या मागे जायला इंग्रजीत जागाच नाही. आहे तसं ठेवा, सर्वनामं तेवढी बदला.

टाइप टूबद्दल मात्र काही तक्ते सरळ दिशाभूल करतात. शेजारची बारावीतली मुलगी वही घेऊन आली. ‘काका, आमचे सर म्हणतात टाइप टूलापण मागे न्यायचं. इफ आय हॅड मनीचं इफ ही हॅड हॅड मनी.’ तिला सांगितलं, वेळ निघून गेली असेल तर चालेल, ती नसेल तर नको. ‘पैसे असते तर घेतलं असतं’ हे तो आजही म्हणू शकतो. हॅड हॅड केलं की त्याची संधी कायमची गेली असं होतं. तिने विचारलं, ‘पेपरात काय लिहू?’ सरांनी सांगितलं ते लिही म्हटलं. मार्क त्यांच्या हातात आहेत, बाप्पा.

अट अजून खुली असेल, किंवा गोष्ट नेहमीचीच असेल, तर काळ मागे न नेलेलंही चालतं. तक्त्यात हे ‘युनिव्हर्सल ट्रुथ’ नावाच्या एका ओळीत कोंबलेलं असतं, आणि उदाहरण सूर्य पूर्वेला उगवतो हेच. आमच्याकडे मे महिन्यात याचं रोजचं उदाहरण असतं. मैदानी भागात कमाल तापमान 45 अंशांवर पोचलं तर उष्णतेची लाट, 47 वर तीव्र लाट, हा हवामान खात्याचा एक निकष. तो सांगताना ‘सेड दॅट इफ द मॅक्झिमम रीचेस 45 डिग्रीज, अ हीटवेव्ह इज डिक्लेअर्ड’ असंच ठेवतो. तिथे ‘रीच्ड’ आणि ‘वॉज’ केलं तर निकष बदलला की काय असं वाटतं. उद्याचा अंदाज असेल तर वेगळं. तो दुसऱ्या दिवशी वाचेपर्यंत शिळा होतो, म्हणून काळ मागे नेलेला बरा.

प्रश्नांत इफ दोन कामं करतं. ‘कामकाज उरलं तर अधिवेशन वाढवणार का’, असं पत्रकारांनी विचारलं, हे नुसत्या इफने लिहिलं की वाक्यात दोन इफ येतात: ‘आस्क्ड इफ द सेशन वुड बी एक्स्टेंडेड इफ...’ पहिल्या जागी ‘व्हेदर’ घातलं की सुटका. ऑफिसात घेतलेलं व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर यातलं काही सांगत नाही; उलट ‘आस्क्ड इफ इट वुड रेन’मधल्या वुडखाली लाल रेघ मारतं. तिथला इफ अटीचा नाहीच, त्यामुळे वुड बिनचूक आहे. रेघेकडे दुर्लक्ष करा.

मथळ्यांसाठी तक्ता बंद. तिथे ‘सेज’ असतं, आणि ‘सेज’च्या मागे विल खुशाल विल राहतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं आणि तक्त्याचा खरा कस लागला. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवतात, तिथली भाषणं म्हणजे अटींची रांग. ‘मागणी मान्य झाली नाही तं आम्ही इथून हलणार नाही.’ तक्त्याप्रमाणे ‘सेड दॅट इफ द डिमांड वॉज नॉट मेट, दे वुड नॉट मूव्ह फ्रॉम देअर’. बरोबर, आणि एकदम बेचव. ‘वॉर्न्ड दॅट दे वुड नॉट मूव्ह अनलेस द डिमांड वॉज मेट’ म्हटलं की धमकीचा जोर परत येतो, आणि दोन ‘नॉट’मधला एक कमी होतो. वॉर्न, थ्रेटन, प्रॉमिस, ऑफर, यांच्यासाठी तक्त्यात एक रकाना असायलाच हवा होता. ‘इफ आय वेअर यू’ने सुरू होणाऱ्या सल्ल्यांनाही ‘अॅडव्हाइज्ड’ पुरतं, तिथे इफ वाहून नेण्याची गरज नाही.

जिथे तक्त्याचा पार निरुपाय होतो ते वाक्य मात्र वेगळंच आहे, कारण त्यात अटीचा सुटा ‘तर’ही नाही आणि इफही नाही: ‘आजच्या आज लेखी द्या, नाही तं इथंच बसतो.’ आज्ञा आणि धमकी एका दमात. आज्ञेची ओळ लावली तर धमकी सुटते, अटीची लावली तर मागणी पडते. यासाठी आमच्या डेस्कवर जुन्या लोकांनी रुळवलेला तुकडाच मी वापरतो: ‘डिमांडेड अ रिटन अशुरन्स द सेम डे, फेलिंग विच दे वुड कंटिन्यू द सिट-इन.’ तक्त्याच्या तळाशी थोडी कोरी जागा होती, तिथे ‘नाही तं = फेलिंग विच’ असं पेनाने लिहून ठेवलं आहे.