घरच्या पिनहोल कॅमेऱ्यासाठी ४ बाय ५ चे जुने फिल्म होल्डर : सांगलीतला अनुभव

पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या भोकातून फोटो काढणारा डबा, घरी करायचा म्हटलं की सगळे आधी डब्याच्या मागं लागतात. पत्र्याचा घेऊ का, बुटाचं खोकं चालेल का, भोक कशानं पाडू, आणि फिल्म आत बसवायची कशी हा प्रश्न सगळ्यात शेवटी. माझं मत एकदम उलटं झालंय. आधी फिल्म होल्डर घ्या आणि तो हातात आला की त्याच्या मापानं डबा करून घ्या. म्हणून हा रिव्ह्यू डब्याचा नाही, होल्डरचा आहे. मी वापरतोय ते फिडेलिटी एलिट, काळे प्लास्टिकचे, सेकंडहँड, ४ बाय ५ इंची. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते पुढं येईलच.

ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होल्डर म्हणजे पातळ पाटीसारखी वस्तू, दोन्ही अंगांना एकेक शीट फिल्म बसते, वरून डार्क स्लाईड नावाची सरकती पट्टी. अंधारात फिल्म भरायची, स्लाईड लावायची, मग उजेडात कुठंही घेऊन फिरा. कॅमेऱ्याच्या पाठीला होल्डर लावला, स्लाईड ओढली, भोकावरचं झाकण काढलं, एक्स्पोजर झालं (फिल्मवर पाहिजे तेवढा उजेड पडला) की झाकण बंद, स्लाईड आत, होल्डर उलटा करून दुसरा फोटो. खोक्यात कागद चिकटवून केलेल्या कॅमेऱ्यात एक फोटो झाला की घरी जाऊन अंधार शोधावा लागतो, इलफर्डचा ऑब्स्क्युरा नावाचा तयार पिनहोल कॅमेरा आहे त्यातपण एका वेळी एकच शीट बसते. होल्डरवाल्या डब्यात दोन होल्डर पिशवीत टाकले की चार फोटो, आणि नदीकाठी उभं राहून निवांत काम करता येतंय.

ज्यानं कुणी ही वस्तू डिझाईन केली त्यानं अंधारात काम करणाऱ्या माणसाचा फार बारीक विचार केलाय. डार्क स्लाईडची मूठ एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं काळी. पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झालाय. आणि पांढऱ्या बाजूवर बारीक उंचवटे असतात, अंधारात डोळ्यांचा काही उपयोग नसताना बोटाला कळतं कुठली बाजू वर आहे. स्लाईड चुकून निघू नये म्हणून मुठीजवळ छोटे अडकवणी हुक. फिल्मचंपण तसंच, एका कोपऱ्यात कातरलेल्या खाचा असतात, शीट उभी धरून खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्याकडं. दोन-चार वेळा उजेडात वाया गेलेल्या शीटवर सराव केला की हात आपोआप चालायला लागतो.

आता डब्याचं. ६ मिमी प्लाय घेतलं. शिसवी, सागवान असला हट्ट धरू नका, अखंड लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि होल्डर गच्च बसतो, प्लायला तो त्रास कमी. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांकडं होल्डरच घेऊन गेलो, कारण कागदावरच्या मापावर काम करून घेण्यात अर्थ नाही. त्यांनी सगळीकडून फिरवून बघितला आणि विचारलं, "ह्यात भिंग कुठं बसवायचं?" म्हटलं, भिंग नाहीच मामा, नुसतं सुईचं भोक. मग त्यांना खरा रस आला. होल्डरच्या मुठीकडच्या टोकाला एक आडवी उंच कड असते, ती कॅमेऱ्याच्या पाठीतल्या खाचेत बसली की होल्डर हलत नाही आणि त्या बाजूनं उजेडपण आत जात नाही. ही खाच मामांनी पटाशीनं थोडी थोडी करत, दर वेळी होल्डर लावून बघत काढली, आणि शेवटी कड आत बसताना टक्क असा आवाज आला तेव्हा त्यांनी मान हलवली. पूर्ण कॅमेऱ्यात कारागिरी लागते ती एवढ्याच जागी, बाकी चार फळ्या आणि फेव्हिकॉल. आतून ब्लॅकबोर्डचा मॅट काळा रंग, पाठीला काळ्या मखमलीची पट्टी, आणि होल्डर दाबून धरायला दोन जाड इलॅस्टिक.

एक माप मात्र डोक्यात पक्कं ठेवा. होल्डर डब्याला जिथं टेकतो तिथून फिल्म साधारण ५ मिमी मागं असते. म्हणजे भोक ते फिल्म १०० मिमी अंतर पाहिजे असेल तर डब्याची खोली ९५ धरायची. १०० मिमीला भोक ०.४५ मिमीच्या आसपास लागतं. अंतर गुणिले उजेडाची वेव्हलेंथ, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९, वेव्हलेंथ ०.०००५५ मिमी धरायची, करून बघा, तेवढंच येतं. १० नंबरची शिवणाची सुई ०.४६ मिमीची असते, म्हणजे मापाची सुई घरातच आहे. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापायचा, सुईनं नुसतं टोचायचं, मागं आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, परत टोचायचं, असं सावकाश. मग तो पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला टाका, भोक ४२-४३ पिक्सेल भरलं की झालं, आणि कडा गोल स्वच्छ दिसतात का तेपण तिथंच कळतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे अंतर भागिले भोक, येतं एफ २२० च्या आसपास. १०० आयएसओला (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा हा आकडा) कडक उन्हात दोन सेकंद, म्हणजे शटर नको, काळ्या टेपचा तुकडा पुरतो.

फिल्म. ब्रँडेड शीट फिल्म महाग आहे, शिकताना ती जाळायला जीव होत नाही, आणि इथं आपण सांगली-मिरजवाले नशीबवान आहोत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनचं, त्यामुळं एक्स-रेची फिल्म हा शब्द तिथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विचारताना जुनी, केमिकलमध्ये धुवायची, ग्रीन सेन्सिटिव्ह (हिरवा उजेड टिपणारी) असं स्पष्ट सांगा, आता बरेच ठिकाणी डिजिटलची ड्राय फिल्म असते, ती आपल्या कामाची नाही. ८ बाय १० ची शीट घेऊन लाल दिव्याखाली चार तुकडे केले की ४ बाय ५. पण होल्डरमध्ये बसणारी शीट खरी ४ बाय ५ पेक्षा दीड-एक मिमी लहान असते, म्हणून दोन्ही बाजूंनी कणभर छाटावीच लागते, नाहीतर ती होल्डरच्या कडेच्या पट्ट्यांच्या खाली जातच नाही आणि जबरदस्ती केली की वाकते. या फिल्मला दोन्ही अंगांनी इमल्शन असतं, नखानंसुद्धा ओरखडा उठतो, ट्रेच्या तळाला काच ठेवून धुवायची. मी ८० आयएसओ धरतो. आणि मे महिन्यात टाकीचं पाणी सरळ वापरायचंच नाही, बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून डेव्हलपर (फिल्मवर फोटो उमटवणारं केमिकल) २० डिग्रीला आणायचा, गरम केमिकलमध्ये इमल्शन मऊ पडतं.

रिझल्टबद्दल बोलायचं तर आयर्विन पूल. १९२९ चा पूल, पुराच्या दिवसात सगळी सांगली त्याच्याजवळच्या पाण्याच्या फुटांकडं डोळे लावून असते, ४० ला इशारा, ४५ ला धोका. ढगाळ सकाळी घाटावरून अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक्स्पोजर दिलं. पुलावरून गाड्या, सायकली, चालायला आलेली माणसं जात होती, फोटोत एकपण नाही, नुसत्या कमानी आणि खाली दुधासारखी सपाट कृष्णा. जवळच्या खांबाचे दगड एकेक सुटे दिसतात, लांबचे मऊ होतात, कोपरे काळवंडतात, ते मला फार आवडतं. आणि ही फिल्म लाल रंग ओळखत नाही, त्यामुळं भगवा झेंडा जवळजवळ काळा येतो, देवळाचे फोटो काढणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

आता कापलेला अर्धा स्टार. हे होल्डर बरीच वर्षं कुणीतरी वापरलेले असतात आणि विकणारा तपासून देईलच असं नाही. मला एका ऑनलाईन विक्रेत्यानं पाठवलेल्या होल्डरपैकी एकाच्या डार्क स्लाईडला केसाएवढी चीर होती, जाहिरातीत लिहिलं होतं उत्तम स्थिती, आणि परत घ्यायला नकार दिला. चीड आली, कारण अशी चीर फिल्म धुतल्याशिवाय दिसत नाही आणि तोपर्यंत सकाळ वाया गेलेली असते. त्यामुळं आल्या आल्या अंधाऱ्या खोलीत स्लाईड काढून मागून मोबाईलचा टॉर्च लावा, ठिपका दिसला तरी बाजूला ठेवा. तळाचा झडपेसारखा भाग कापडी टेपवर दुमडतो, ती टेप जुनी होऊन तडकते, तीसुद्धा बघा, नवीन काळी कापडी टेप लावली की काम होतं. शेवटची परीक्षा म्हणजे फोटोपेपरचा तुकडा भरून होल्डर दहा मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवायचा आणि पेपर धुवायचा, काळे पट्टे आले तर कुठून गळतंय ते पट्टाच दाखवतो.

स्लाईड सरळ ओढा, तिरकी ओढली की आतली मखमल एका बाजूला दबते आणि उजेड शिरतो. कडक उन्हात ओढताना वर काळं फडकं टाका. भरायच्या आधी ब्लोअरनं धूळ उडवा.

बाहेरच्या देशातून एकेक मागवू नका, शिपिंग आणि कस्टम धरून होल्डरच्या किमतीएवढा खर्च वर बसतो, दोघातिघांनी मिळून लॉट घ्या. जुन्या स्टुडिओवाल्यांकडं चौकशी जरूर करा, पण त्यांच्याकडं बहुतेक हाफ प्लेटचे लाकडी होल्डर निघतात, ते पावणेपाच बाय साडेसहा इंची, ४ बाय ५ च्या पाठीवर बसत नाहीत. ते घेणार असाल तर डबा त्याच मापाचा करायला लागेल, आणि मग एक्स-रे फिल्मपण ८ बाय १० मधून वेगळी कापावी लागेल. सुरुवातीला दोन होल्डर बास. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल डे असतो, २००१ पासून चालू आहे, त्याच्या आत डबा तयार झाला तर हरिपूरच्या संगमावर या, माझे दोन्ही होल्डर भरलेले असतील, हातात घेऊन बघा आणि मग ठरवा.