‘सुपरक्रिटिकल’ पद्धतीने काढलेले माशाचे तेल: जास्तीचे पैसे कशाचे?

सोलापुरात नवी पेठेतल्या एका औषध दुकानात ‘सुपरक्रिटिकल सीओटू’ असे ठळक छापलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात आणि त्यांची किंमत नेहमीच्या कॅप्सूलच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेल चांगले आहे. मात्र जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे लेबल सांगत नाही.

नेहमीच्या पद्धतीत मासे वाफेवर शिजवून दाबतात, तेल आणि पाणी वेगळे करतात आणि पुढे शुद्धीकरणात ते तेल बरेच तापवतात. ओमेगा-३ म्हणजे ज्यांच्यासाठी हे तेल घेतात ती मेदाम्ले. त्यांपैकी ईपीएच्या रेणूत ५ आणि डीएचएच्या रेणूत ६ दुहेरी बंध असतात, आणि उष्णता व ऑक्सिजन एकत्र आले की हे रेणू लवकर बिघडून तेल खवट होते. सुपरक्रिटिकल पद्धतीत ही उष्णता टाळतात. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सियस तापमान आणि सुमारे ७४ बार दाब या दोन्ही मर्यादांच्या पुढे गेला, की तो वायूसारखा झिरपतो आणि द्रवासारखा विरघळवतो; हीच ‘सुपरक्रिटिकल’ अवस्था. सोलापूरचा उन्हाळा ३१ अंश केव्हाच ओलांडतो, पण दाब हवेच्या सुमारे ७३ पट लागतो, म्हणून ही अवस्था फक्त जाड पोलादी पात्रातच साधते. सहसा ४० ते ६० अंश तापमान आणि २०० ते ४०० बार दाब ठेवून हा कार्बन डायऑक्साइड वाळवलेल्या मासळीतून फिरवतात. मग दाब उतरवला की तो वायू होऊन निघून जातो, पुन्हा वापरता येतो आणि मागे तेल उरते. हेक्झेनसारखा द्रावक नाही आणि हवेचा संपर्कही जवळजवळ नाही. लाकडी घाण्याच्या तेलाला आपण ज्या कारणासाठी जास्त पैसे मोजतो, तेच कारण इथे आहे आणि मला ते पटते.

तरीही या पद्धतीने शिळी मासळी ताजी होत नाही. खवटपणाची बरीच द्रव्ये आणि मुक्त मेदाम्ले कार्बन डायऑक्साइडमध्ये तेलाबरोबरच विरघळतात. जड धातू बहुतांशी मागे राहतात, पण पीसीबी या औद्योगिक रसायनांसारखी मेदात विरघळणारी प्रदूषके तेलासोबत येऊ शकतात आणि ती वेगळी काढावी लागतात. या लेबलावर त्याबद्दल एक अक्षर नाही.

१००० मिलिग्रॅमच्या या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम आहे, म्हणजे साध्या स्वस्त कॅप्सूलइतकेच. पद्धतीच्या नावामुळे ओमेगा-३ वाढलेले नाही, हे घेणाऱ्याने आधी पाहावे. जवसाची चटणी रोज खाणाऱ्या आपल्या घरांत ओमेगा-३ मिळत नाही असे नाही. परंतु जवसातील ओमेगा-३ चे ईपीए आणि डीएचएमध्ये रूपांतर शरीर फार थोडेच करते, म्हणून मासे न खाणाऱ्याला अशा तेलाचा विचार करावासा वाटतो. अर्थात कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज आहे, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

कॅप्सूल टोचून पाहिली तेव्हा ताज्या मासळीचा सौम्य वास आला. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प नव्हता. लिंबाचा किंवा संत्र्याचा स्वाद मिसळून वास झाकलेला नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. तेल खवट होऊ लागले आहे का हे सांगणारा पेरॉक्साइड अंक मात्र छापलेला नाही. उद्योगाच्या स्वेच्छा मानकात तो ५ पेक्षा जास्त नसावा असे आहे, आणि एवढी किंमत घेणाऱ्या उत्पादकाने प्रत्येक बॅचचा आकडा द्यायलाच हवा.

दुकानाबद्दल तक्रार आहे. बाटल्या काचेच्या दर्शनी फळीवर, थेट उन्हात मांडलेल्या होत्या. कमी तापमानाला जपून काढलेले तेल ४० अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात असे ठेवले, तर कारखान्यात घेतलेली सगळी काळजी वाया जाते. आतल्या थंड साठ्यातली बाटली मागावी, उत्पादनाची तारीख वाचावी, घरी ती फ्रिजमध्ये ठेवावी, आणि मार्च ते जूनमध्ये मोठी बाटली स्वस्त पडत असली तरी लहानच घ्यावी.