बोर्डवाल्याचं काम कसं आहे? (बेळगाव, शहापूर)

आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान शहापुरात. सासूबाईंनी चालू केलेलं, बोर्डही त्यांच्या वेळचा: पत्र्यावर रंगवलेला, वर ठसठशीत मराठी, खाली बारीक कन्नड. कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानं पाटीचा साठ टक्के भाग कन्नड आणि तोही वरच्या बाजूला, असं ठरलं. तपासणीवाला दोनदा सांगून गेला. शेवटी आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या बोर्डवाल्याला गाठलं. ओळखीच्या चौघीजणींनी "कसा आहे गं तो?" विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

हिशोबाला पक्का. बोर्ड सहा फूट बाय तीन फूट. त्यानं टेप धरला आणि छत्तीस इंच उंचीतले बावीस इंच पेन्सिलीनं कन्नडला आखून टाकले. उरले चौदा, त्यात नऊ मराठीला, पाच इंग्रजीला. माझे सासरे शेजारी उभे. हा माणूस दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीला जाणारा. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडलं, ते त्यांच्या लेखी अजून कालचंच आहे. ते म्हणाले, "नऊ नको, दहा कर. इंग्रजीचा एक घे." बोर्डवाल्यानं वाद घातला नाही. इंग्रजी चार इंचांवर आलं.

त्याच दिवशी त्याच्या दुकानात चन्नम्मा चौकाकडच्या मंडळाची, १ नोव्हेंबरच्याच कर्नाटक राज्योत्सवाची ऑर्डर चालू होती. भिंतीला लाल-पिवळ्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या, आणि त्यांना टेकूनच महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मेळाव्याचा भगवा फ्लेक्स. दोन्ही एकाच मशीनवर छापलेले, वाळत घातलेले. सासऱ्यांनी बघितलं आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तो घरात दखनी बोलतो, आमच्याशी बेळगावी मराठी, गोकाकच्या गिऱ्हाइकाशी कन्नड. ब्रश सोडून विनाईल कापायला लागला तरी अक्षरावरची माया गेलेली नाही. मला त्यानं खडूनं काढून दाखवलं: कन्नड अक्षराच्या डोक्यावरही रेघ असते, तिला तलकट्टू म्हणतात. "तुमची रेघ सगळ्यांवरनं एकच जाते बगा भाभी. त्यांची ज्याची त्याला येगळी." माझ्या दुकानात निम्म्या बायका "अक्का, यावाग कोडतीरी?" म्हणत येतात, मीही कन्नडमधूनच तारीख सांगते. पण तलकट्टू हा शब्द मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशीर. ऑक्टोबरअखेरीला त्याच्याकडे जाऊच नका, दोन्हीकडची गर्दी असते. इंग्रजीत 'टेलर्स'चं स्पेलिंग चुकवलं. त्याचं म्हणणं, एवढ्या बारीक अक्षरात कोण बघतंय? दुरुस्त करून दिलं, पण पट्टी चिकटवून, आणि उन्हात ती पट्टी दिसते. शिडी आमचीच वापरली. पैसे ४,२०० ठरले होते, तेवढेच घेतले. निम्मे आधी लागतात.

ठाण्याला माझ्या भावाचं मोबाईलचं दुकान आहे. मराठी पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा त्याचा शेजारी गुजराती दुकानदार असाच टेप घेऊन उभा होता. भावानं त्याचा फोटो हसत हसत आम्हाला पाठवला होता. सासऱ्यांनी तो चार जणांना दाखवला. आमच्या बोर्डाचा फोटो मी भावाला पाठवला, त्यावर त्याचं काहीच उत्तर आलं नाही.

एकूण काम चांगलं, पाचपैकी साडेतीन. स्पेलिंग आपण कागदावर लिहून न्यावं आणि विनाईलच्या कडा स्वतः दाबून बघाव्यात, कारण पहिल्या पावसात आमच्या मराठी 'ज'ची शेपटी सुटली. फोन केला तर त्याच संध्याकाळी येऊन चिकटवून गेला, पैसे घेतले नाहीत. जुना पत्रा भंगारात द्यायला सासऱ्यांनी नकार दिला. तो कटिंगच्या टेबलाखाली उभा केलाय, त्याला टेकून अस्तराचे तागे ठेवतो.